बोटांना अजून अपडेट मिळालेलं नाही

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाचं पहिले काही आठवडे दिव्याच्या बटणाशी जमत नाही. भारतात बटण खाली दाबलं की दिवा लागतो, इथे वर केलं की. यात न समजण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्याच दिवशी विचारलंत तर तो बरोबर उत्तर देईल. पण रात्री अंधारात भिंत चाचपताना बोट खालीच दाबतं. पुढे दहा वर्षांनी सुट्टीत पुण्याला गेल्यावर नेमकं उलटं होतं. भावाची गाडी चालवायला घ्यावी, वळताना इंडिकेटर द्यायला जावं, तर काचेवरचे वायपर फिरायला लागतात आणि मागे बसलेली भाचरं हसतात.

म्हणजे ज्ञान एका जागी असतं आणि सवय दुसऱ्या जागी. एरवी हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण दोन्ही एकच उत्तर देत असतात. उत्तरं वेगळी झाली की मात्र तो उघडा पडतो. आणि आजकाल हे घडवून आणायला देश बदलावा लागत नाही, रात्रीत झालेला एक सॉफ्टवेअर अपडेट पुरतो.

शिफ्टच्या कळीची उलटापालट

उदाहरण म्हणून फोटोशॉप घेऊ. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याची 'सीसी २०१९' ही आवृत्ती आली. नव्या सोयी बऱ्याच होत्या, पण गाजला तो एक बारीकसा बदल. चित्र लहान-मोठं करायला आपण त्याचा कोपरा धरून ओढतो. कित्येक वर्षांपासून लोकांच्या हाताला एक नियम बसलेला होता: नुसतं ओढलं तर चित्र हवं तसं ताणलं जाणार, आणि शिफ्टची कळ दाबून ओढलं तर लांबी-रुंदीचं प्रमाण कायम राहणार. नव्या आवृत्तीने हा नियम उलटा केला. आता नुसतं ओढलं की प्रमाण कायम राहतं आणि शिफ्ट दाबली की चित्र ताणलं जातं.

माझं मत विचाराल तर नवा नियम अधिक शहाणपणाचा आहे. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा आपल्याला चेहरा चपटा करायचा नसतो. नव्याने शिकणाऱ्याला कळ न दाबता योग्य तेच मिळावं, हे बरोबरच. पण जुन्या माणसाचं काय? तो वर्षानुवर्षं कोपरा धरताना डाव्या हाताने शिफ्ट दाबत आलेला. आपण शिफ्ट दाबतो हेसुद्धा त्याला सांगता येणार नाही, इतकी ती कृती आत मुरलेली. नेमका तोच आता चित्र बिघडवतो.

हे चित्र मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकातलं असेल तर फार नुकसान नाही. बाप्पा मुळात लंबोदर, थोडे आणखी रुंद झाले तर कोणी तक्रार करत नाही. प्रायोजकाचा फोटो ताणला गेला तर फोन येतो. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीचं चित्र शोधनिबंधासाठी मांडताना हेच झालं तर हिशेब बिघडतो. समजा, दहा मायक्रॉन व्यासाची गोल पेशी आहे आणि शेजारी दहा मायक्रॉनची आडवी मापनपट्टी चित्रातच छापलेली आहे. चित्र रुंदीत २० टक्के ताणलं गेलं, उंची तेवढीच राहिली. पट्टीही पेशीबरोबर ताणली गेली, त्यामुळे आडवं माप अजून दहाच येतं आणि सगळं ठीक वाटतं. पण त्याच पट्टीने उभं मोजलंत तर उत्तर येतं सुमारे ८.३ मायक्रॉन. गोल पेशी लंबगोल झाली. पेशींचा आकार बदलतो का, हाच तुमच्या प्रयोगाचा प्रश्न असेल, तर उत्तर सूक्ष्मदर्शकातून न येता डाव्या हाताच्या करंगळीतून आलेलं असतं.

त्याच आवृत्तीत दुसरा बदल 'अनडू'चा होता. पूर्वी कंट्रोल-झेड (मॅकवर कमांड-झेड) एकदा दाबलं की शेवटची कृती पुसली जायची आणि पुन्हा दाबलं की परत यायची. आता प्रत्येक वेळी दाबलं की एकेक पायरी मागे जातं, जसं इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये होतं. वरवर पाहता ही सुधारणाच. पण जुन्या लोकांनी त्या कळीचा एक वेगळाच उपयोग शोधला होता. भराभर दोनदा-चारदा दाबून ते 'आधी' आणि 'नंतर'चं चित्र एकाच जागी आलटून पालटून बघत. स्थिर पार्श्वभूमीवर जे उडी मारतं ते डोळ्याला लगेच टिपता येतं. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉने १८ फेब्रुवारी १९३० रोजी प्लूटो याच युक्तीने शोधला. सहा दिवसांच्या अंतराने घेतलेली आकाशाची दोन छायाचित्रं एका यंत्रात आलटून पालटून बघताना एक ठिपका जागचा हललेला दिसला. फोटोशॉपमध्ये ती आलटापालट गेली नाही, दुसऱ्या कळींवर हलवली गेली (कंट्रोल-ऑल्ट-झेड). पण ज्याचं बोट जुन्या जागीच दोनदा पडतं, त्याचं काम आता दोन पायऱ्या मागे गेलेलं असतं.

अनुभवी माणूस नवशिक्याहून मागे का पडतो

इथे १९७७ सालचा एक प्रयोग आठवतो. वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफ्रिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांना पडद्यावर झपाट्याने येणारी इंग्रजी अक्षरं दाखवली. त्यातून ठरावीक अक्षरं शोधायची होती. शोधायची अक्षरं वर्णमालेच्या पूर्वार्धातली व्यंजनं, आणि ज्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं ती उत्तरार्धातली. २१०० वेळा हा सराव झाल्यावर मंडळी तरबेज झाली. अक्षर जणू आपोआप डोळ्यात भरू लागलं. मग संशोधकांनी नियम उलटा केला. आता उत्तरार्धातली शोधा, पूर्वार्धातली सोडा.

कामगिरी अर्थातच घसरली. पण किती? पहिल्या दिवशी, काहीच सराव नसताना जेवढी होती, तिच्याही खाली. आणि त्या अगदी सुरुवातीच्या पातळीवर परत यायलाच जवळजवळ हजार प्रयत्न लागले.

या निकालाकडे जरा थांबून पाहा. उलट्या नियमासमोर सराव निरुपयोगी ठरतो इतकंच नाही, तो वजाबाकी करतो. ज्याने फोटोशॉप कधी उघडलं नाही असा विद्यार्थी नव्या आवृत्तीत पहिल्या दिवशी तुमच्यापेक्षा कमी चुका करेल. 'आता वय झालं' असं म्हणत चाळिशीतली माणसं स्वतःला दोष देतात, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अडथळा वयापेक्षा तुमच्या कौशल्याचा असतो.

चार्ल्स ऑसगुड या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याचा एक ठोकताळा मांडला होता. जुन्या आणि नव्या कामात प्रसंग तोच आणि कृतीही तीच असेल, तर जुनं शिक्षण नव्याला मदत करतं. प्रसंग वेगळा असेल तर जुन्याचा फारसा संबंध येत नाही. पण प्रसंग तोच आणि कृती नेमकी उलटी असेल, तर अडथळा सर्वांत जास्त. म्हणून एखादं साधन मेनूतून पार नाहीसं झालं तर आपण चिडतो, शोधतो आणि दोन दिवसांत नवं शिकतो. साधन त्याच जागी, तेच चित्र, तोच कोपरा, फक्त कळीचा अर्थ उलटा, हे मात्र महिनोन्‌महिने छळतं. बदल जितका छोटा दिसतो तितका तो हाताला सोपा असतो, हा गैरसमज आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचाही.

दोन उत्तरं, एक शर्यत

मग पहिले काही दिवस त्रास होऊन 'आता जमलं' असं वाटल्यावर मध्येच जुनी चूक परत का येते?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर चार चिन्हं, प्रत्येकासाठी एक बोट. लोकांनी चार दिवस सराव केला. नंतर काही चिन्हांची बोटं आपसात बदलली. नवा नियम सगळ्यांना व्यवस्थित समजला होता आणि पुरेसा वेळ दिला तर ते बरोबरच बोट दाबत. पण प्रयोगात त्यांना वेळेआधी उत्तर द्यायला भाग पाडलं गेलं. तेव्हा जुनं बोट पुढे येऊ लागलं. ज्यांनी आधी फार थोडा सराव केला होता त्यांच्यात हा प्रकार दिसला नाही.

याचा अर्थ असा की चिन्ह दिसल्यावर मेंदूत दोन उत्तरं शेजारीशेजारी तयार होतात. सवयीचं उत्तर लवकर तयार होतं, विचाराचं थोडं उशिरा, हा फरक सेकंदाच्याही अंशाचा. विचाराला तेवढी फुरसत मिळाली तर तो सवयीवर मात करतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सवय गेली. ती गेलेली नसते. घाई झाली की शर्यत तीच जिंकते. निबंध पाठवायची मुदत रात्री बारा वाजता संपते आहे, पावणेबाराला आकृती दुरुस्त करायची आहे, अशा वेळी तुमच्या हाताखाली २०१७ सालचं फोटोशॉप असतं, पडद्यावर कुठलंही असो.

जुनी सवय किती चिवट असते याचं एक गमतीचं उदाहरण अलाबामातल्या डेस्टिन सँडलिन या अभियंत्याने २०१५ मध्ये चित्रफितीतून दाखवलं. त्याच्या मित्रांनी अशी सायकल बनवली होती की हँडल डावीकडे वळवलं तर चाक उजवीकडे वळतं. रोज थोडा सराव करून ती चालवायला त्याला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. पुढे ॲमस्टरडॅमला त्याने साधी सायकल घेतली तर ती चालवता येईना, पण वीस मिनिटं धडपडल्यावर एका क्षणात जुनी पद्धत परत आली. एका माणसाची गोष्ट म्हणजे प्रयोग नव्हे, हे खरं. तरी पुण्याच्या सुट्टीतल्या वायपरची आठवण होतेच.

फोटोशॉपच्या त्या बदलात पहिलं वर्षभर आणखी एक विचित्रपणा होता. फोटो आणि अक्षरांना नवा नियम, पण रेखीव आकारांना जुनाच. म्हणजे एकाच चित्रात एकच कळ दोन विरुद्ध कामं करायची. नोव्हेंबर २०१९ च्या आवृत्तीत तो सगळीकडे सारखा झाला. श्नायडर आणि शिफ्रिन यांच्या त्याच कामातला दुसरा निष्कर्ष असा होता की नियम दरवेळी बदलत राहिला तर कितीही सराव करा, कृती आपोआप होत नाही. उलटा पण पक्का नियम हात शेवटी शिकतो. कधी असा, कधी तसा, हे तो कधीच शिकत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे एक बाजू निवडा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या जनरल या भागात फ्री ट्रान्सफॉर्म जुन्या पद्धतीने वापरण्याचा पर्याय आहे. सुरुवातीला तो नव्हता आणि सेटिंगच्या फोल्डरमध्ये मजकुराची एक छोटी फाईल ठेवून त्यात एका ओळीचा आदेश लिहावा लागे. अनडूचा जुना पर्याय एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत आहे, तो निवडून प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हे पर्याय वापरण्यात कमीपणा काही नाही. तुम्ही एकटेच काम करता, एकाच काँप्यूटरवर करता आणि आठवड्याला दोन आकृत्या करता, तर जुनंच चालू ठेवा. हजार प्रयत्नांची किंमत भरून निघणार नाही.

पण प्रयोगशाळेतल्या सामायिक काँप्यूटरवर बसत असाल, किंवा घरी एक आवृत्ती आणि कामावर दुसरी असेल, तर नवा नियम घ्या आणि सगळीकडे तोच ठेवा. सर्वांत वाईट स्थिती म्हणजे घरी जुना, ऑफिसात नवा. पडद्याचा रंग वेगळा ठेवला की हाताला फरक कळेल, असं काही जण सुचवतात. हाताच्या हालचालींवरच्या प्रयोगांमध्ये नुसत्या रंगाच्या खुणेचा उपयोग फार कमी दिसला आहे. शरीराची स्थिती किंवा कामाची जागाच वेगळी असेल तर हात दोन सवयी वेगळ्या ठेवू शकतो. घरी पेन आणि टॅब्लेट, ऑफिसात माऊस, असं असेल तर थोडं निभावतं.

नवा नियम घेतलात तर पहिले दोन आठवडे मुद्दाम सावकाश काम करा. हा सल्ला आजीबाईचा वाटेल, पण वरच्या शर्यतीचा विचार केलात तर त्याचं कारण दिसेल. कोपरा धरण्याआधी अर्धा सेकंद थांबणं म्हणजे दुसऱ्या उत्तराला पोहोचायला वेळ देणं. रोज दहा-पंधरा मिनिटं बिनमहत्त्वाच्या चित्रावर सराव करा. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त, कारण मध्ये अंतर ठेवून केलेला सराव टिकतो. आणि काम ऐन मुदतीवर आलेलं असताना अपडेटला होकार देऊ नका. खिडकी वर येते, 'आत्ता की नंतर' विचारते, तेव्हा 'नंतर' म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

चूक लगेच दिसेल अशी सोयही करून ठेवा. या बाबतीत गिंप या मोफत सॉफ्टवेअरची तुलना उपयोगी आहे. २०१२ मध्ये त्याच्या २.८ आवृत्तीने 'सेव्ह'चा अर्थ बदलला. सेव्ह केलं की फाईल फक्त गिंपच्या स्वतःच्या स्वरूपात साठते, जेपेग किंवा पीएनजी हवं असेल तर 'एक्सपोर्ट' करावं लागतं. लोक भयंकर चिडले. पण जुन्या सवयीने सेव्हमध्ये जेपेग लिहिलं तर गिंप तिथल्या तिथे अडवतं आणि एक्सपोर्टकडे जायला सांगतं. चूक घडते त्या क्षणी कळली तर शिकणं होतं. ताणलेलं चित्र मात्र गप्प असतं. म्हणून आकाराच्या पट्टीत रुंदी आणि उंचीचे टक्के सारखे आहेत का, यावर नजर टाकायची सवय लावा. ते आकडे ओढतानाच दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटायला जात आणि चाकं आत घेत, विमान धावपट्टीवर पोटावर बसे. दोन्ही बटणं शेजारी, दिसायला सारखी. १९४३ मध्ये अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना आणखी प्रशिक्षण द्या असं सांगितलं नाही. त्याने चाकांच्या बटणाला रबरी चाक लावलं आणि झडपांच्या बटणाला पाचरीचा आकार दिला. शिफ्टच्या कळीवर खरखरीत चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहा. बोट तिथे टेकलं की ते कळतं, आणि तेवढीच फुरसत हवी असते.

हाताला कळत नाही असा बदल

आतापर्यंत बोललो ते बदल निदान त्रास तरी देतात. दुसरा प्रकार त्रास देत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. मेनू तोच, सरकपट्टी तीच, हात बरोबर, फक्त आतलं गणित वेगळं.

२००७ मध्ये आलेल्या फोटोशॉप सीएस३ मध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट या सगळ्यांच्या ओळखीच्या साधनाचं असंच झालं. जुनं साधन अगदी साधं होतं. उजळपणा वाढवला की प्रत्येक पिक्सेलमध्ये सारखीच भर. समजा ५० मिळवले, तर ५० चे १०० होणार, १०० चे १५०, आणि २३० चे मात्र २५५, कारण त्यापुढे जागाच नाही. उजळ भागातला तपशील असा छाटला जातो, म्हणून छायाचित्रकार या साधनाला नावं ठेवायचे. नवं साधन वक्र वापरतं, मधल्या छटांना जास्त ढकलतं आणि टोकांना जपतं. लग्नाच्या फोटोंसाठी उत्तम. पण प्रतिदीप्तीच्या चित्रात ५० आणि ७० मधला फरक आणि २०० आणि २२० मधला फरक आता सारखा राहत नाही. आणि तेजस्वितेची तुलना करण्यासाठीच तर आपण ते चित्र घेतलेलं असतं.

शोधपत्रिकांचे नियम इथेच बोट ठेवतात. २००२ पासून स्वीकृत निबंधांची चित्रं तपासू लागलेल्या 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'सारख्या पत्रिकांची अपेक्षा अशी की संपूर्ण चित्रावर एकसारखा, सरळ रेषेतला फेरफार चालेल, वक्र असेल तर तसं सांगा. 'फक्त ब्राइटनेस वाढवला' असं प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस त्याला न कळता दुसऱ्या वर्गात जाऊन बसतो. त्या खिडकीत जुन्या गणितासाठी 'लेगसी' नावाची एक चौकट आहे. फोटोसाठी ती वापरू नका, मात्र वैज्ञानिक चित्रांसाठी तिचा उपयोग होऊ शकतो, असं फोटोशॉपच्या मदतपुस्तिकेतच म्हटलेलं आहे. मोजमापासाठी मुळात इमेजजे वापरावं हे उत्तम. मेरीलँडमधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी बनवलेल्या या कार्यक्रमात करड्या चित्राचा उजळपणा हलवला तरी 'अप्लाय' म्हणेपर्यंत पिक्सेलचे मूळ आकडे बदलत नाहीत, फक्त दिसणं बदलतं.

असा बदल पकडायला सरावाचा उपयोग नाही, मोजावंच लागतं. मी एक परीक्षेची फाईल ठेवली आहे: पांढऱ्यावर हजार पिक्सेल व्यासाचं काळं वर्तुळ, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा करड्या चौकोनांची रांग. कुठलाही अपडेट आला की ती उघडून नेहमीचे फेरफार करायचे, वर्तुळाची रुंदी-उंची आणि अकरा चौकोनांचे आकडे वहीत गेल्या वेळच्या शेजारी लिहायचे. दहा मिनिटं लागतात. आकडे जुळले नाहीत, तर चालू निबंधाच्या आकृत्या संपेपर्यंत त्या काँप्यूटरवर जुनी आवृत्तीच ठेवायची आणि पद्धतींच्या विभागात आवृत्तीचा क्रमांक लिहायचा.